सगळ्या हरकती मंजूर

‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय कुठल्याही सभेत अर्ध्या मिनिटात संपतो. भूमच्या आमच्या दूध सोसायटीत तो जेवणवेळेपर्यंत चालायचा, कारण वीरभद्रअप्पा मास्तर उभे राहून म्हणायचे, "हरकत!"

अप्पा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. बायको वारलेली, मूलबाळ नाही, भावांनी बोलणं टाकलेलं. वार्षिक सभा ही त्यांची वर्षभराच्या बोलण्याची बेगमी होती. त्यांचं दैवत मात्र आयर्लंडातलं. एकोणिसाव्या शतकातला तिथला एक पुढारी इंग्रजांच्या पार्लमेंटात बोलून बोलून कामकाज बंद पाडायचा.

"स्वतः जमीनदार, पण कुळांसाठी भांडला. तुरुंगात गेला. अनभिषिक्त राजा झाला!" अप्पा सांगायचे.

"पुढं?" कुणीतरी विचारायचं.

"पुढचं विषयपत्रिकेवर न्हाय."

एका दुष्काळी वर्षी सोसायटीत दुधापेक्षा ठराव जास्त जमा होत. चेअरमन वैतागून म्हणाले, "अप्पा, तालुक्यातल्या म्हशी आटल्या, तुमी काय आटंना!" सगळे हसले. अप्पाही हसले. टोमणा का होईना, कुणी उत्तर दिलं होतं.

पुढच्या सभेत चेअरमननी डाव टाकला. अप्पा उभे राहताच म्हणाले, "अप्पांच्या सगळ्या हरकती मंजूर! चला जेवायला." टाळ्या पडल्या. अप्पा जिंकले, आणि तोंड तसंच उघडं ठेवून उभे राहिले. बाहेर पत्रावळी मांडल्या जाऊ लागल्या.

मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्याच वर्षी येडशीहून आलेला. मी सतरंजी गुंडाळू लागलो.

"त्या पुढाऱ्याचं पुढचं सांगतो," अप्पा म्हणाले. "एका बाईवर जीव जडला. त्यापायी त्याच्याच माणसांनी त्याला सोडलं. तरी तिच्याशी लग्न केलं, आन् वर्षाच्या आत मेला. मला तर आमच्या हिनं अठरा वर्षं दिली."

मी थांबलो.

"नळदुर्गची. विधवा होती, म्हणून भावांनी येणंजाणं तोडलं, गावानंही. तिच्या हातची शेंगापोळी इथं कुणी खाल्ली न्हाय. सणाला दोनच करायची. एक मला, एक तिला." ते दाराकडं बघत राहिले. "लई चांगली व्हायची हो."

मी सतरंजी पुन्हा पसरली आणि बसलो. "त्या गूळ किती घालायच्या?"

"गूळ नंतर," अप्पा समोर बसत म्हणाले. "आधी शेंगा कशा भाजायच्या, ते ऐका."