आठवी टिपकी

आमच्या हॉस्पिटलात डोळे तपासायची तीन यंत्रं आहेत आणि वच्छलाअक्कांचा डावा हात आहे. यंत्रं अधूनमधून बंद पडतात.

हॉस्पिटल जळगावात, डोळ्यांचं. मी तिथे नजर तपासतो. त्यासाठी रीतसर डिप्लोमा केलाय आणि तो मेहरूणच्या घरात बैठकीत फ्रेम करून लावलाय. वच्छलाअक्का आमच्याकडे आया म्हणून लागल्या, त्या वेळी मी शाळेत असेन. साठीच्या आसपासचं वय, काटक बांधा, आवाज मात्र चोपड्याच्या बाजारातून थेट आमच्या ओपीडीपर्यंत येईल असा. आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत हिरवं गोंदण.

उजव्या हाताचं राहू द्या. डावा हात म्हणजे अक्कांचं दुकान. कोपराजवळ मोरांची जोडी, त्याखाली तुळशीवृंदावन, त्याखाली नांगी वर केलेला विंचू, आणि मनगटाच्या थोडं वर तिळाएवढ्या सात टिपक्यांची सरळ रांग. रांगेच्या खाली, बाजूला पडलेली आठवी टिपकी. ती बाकीच्यांपेक्षा गडद, निळसर. गोंदणारणीची सुई घसरली असेल, असं मी पहिल्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं होतं. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाचं असं पटकन ठरतं.

आता यातून नजर कशी तपासायची? आमच्याकडे खेड्यातून येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी एक तक्ता असतो. त्यावर तीन पायांचं एकच चिन्ह वेगवेगळ्या बाजूंना तोंड करून छापलेलं. पाय कुठे आहेत ते बोटांनी दाखवायचं किंवा तोंडाने सांगायचं. पण म्हातारं माणूस काळोख्या खोलीत, एक डोळा झाकून, समोर पांढरा कोट बघितला की घाबरतं. पाय वर असले तरी खाली सांगतं. अशा वेळी अक्का पुढे यायच्या, बाही सारायच्या आणि हात धरायच्या.

"हाई काय शे?"

"मोर."

"आनि हाई?"

"इच्चू, माय."

"आते टिपक्या. मोज."

हा 'मोज' अक्कांचा खास शब्द. त्या डोळ्यांतलं पाणी पुसतानाही मोज म्हणायच्या, जिन्याच्या पायऱ्यांवर पेशंटला धरून नेतानाही. मी रुजू झालो तेव्हा मला हे सगळं जत्रेतल्यासारखं वाटलं. पहिल्या आठवड्यात मी अक्कांची तपासणी आणि माझी तपासणी गुपचूप ताडून बघितली. एका पेशंटमध्ये फरक निघाला. तो पेशंट मी पुन्हा तपासला आणि माझी चूक सापडली. त्या दिवसापासून मी त्या हाताकडे देवघराकडे बघावं तसा बघतो. आमचे मोठे डॉक्टरसुद्धा फायलीवर सही करण्याआधी विचारतात, "अक्कांनी बघितलं का?"

वॉर्डातले म्हातारे काही कमी नसतात. पट्टी निघाली की घरी सोडतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. मग ते आदल्या दिवशी एकमेकांना पढवतात, "आठ सांगजो." हे अक्कांच्या कानावर आलं. त्यांनी एक युक्ती काढली. हात धरताना उजव्या अंगठ्याखाली एखादी टिपकी दाबायची. कधी एक, कधी दोन. कधी एकही नाही. पढवलेला म्हातारा रुबाबात "आठ" म्हणायचा आणि अक्का त्याला आणखी दोन दिवस पेज पाजायच्या.

"मन्ह्या टिपक्या खोटं बोलतस नही, भाऊ," त्या मला सांगायच्या. "मानसं बोलतस."

टॅटू हा प्रकार मात्र अक्कांना बिलकूल मान्य नव्हता. आमच्या रिसेप्शनवरच्या पूजाच्या मनगटावर एक छोटंसं पीस आहे, नाजूक. अक्कांनी तिची उलटतपासणी घेतली होती.

"सुई टोची तवय रडनी का तू?"

"नाही हो अक्का. आता क्रीम लावतात, दुखत नाही."

"मंग ते चित्र शे. गोंदन नही."

गेल्या एप्रिलमध्ये सबनीस साहेब व्यवस्थापक म्हणून आले. पुण्याचे, तिशीचे, स्वभावाने वाईट नाहीत, पण हॉस्पिटलला कसलंसं प्रमाणपत्र मिळवून द्यायचं म्हणून झपाटलेले. त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून नियम वाचले. ओळखपत्र गळ्यात. चप्पल बंद. आणि कामावर असताना अंगावरचा टॅटू दिसता कामा नये, पेशंटवर त्याचा चांगला परिणाम होत नाही.

"बराबर शे साहेब," अक्का सगळ्यांच्या आधी बोलल्या आणि पूजाकडे वळून बघितलं. बिचारीने हात पाठीमागे नेला.

"अक्का, तुम्हालाही हात झाकावे लागतील."

अक्कांनी आधी मागे वळून बघितलं. आपल्यामागे आणखी कोणी अक्का उभी आहे की काय, अशा नजरेने. मागे भिंत होती. आम्ही सगळे जमिनीकडे बघायला लागलो.

"साहेब, हाई टाटू नही शे," अक्का म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "हाई मन्ही मायनी देयेल शे."

"मला आदर आहे, अक्का. पण नियम सगळ्यांना एकच. लांब बाह्यांचा कोट घाला, नाहीतर स्टोअररूमला बदली घ्या. तिथे पेशंट येत नाहीत."

पेशंट येत नाहीत, हे ऐकून अक्कांचा चेहरा जसा झाला, तसा मी तो कधीच बघितला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्या मनगटापर्यंत बटणं लावलेला कोट घालून आल्या. जळगावचा एप्रिल. कोटाच्या पाठीवर घामाचा नकाशा. पूजाच्या पिसावर चिकटपट्टी. नवल म्हणजे अक्का कुरकुरल्या नाहीत. 'मोज' हा शब्दच तेवढा बंद झाला. मी तक्त्यावर तपासायचो आणि फायलीवर सही करण्याआधी पुन्हा एकदा तपासायचो. मोठे डॉक्टर सवयीने विचारायचे, "अक्कांनी बघितलं का?" आणि मग आपणच सही करून टाकायचे.

मे महिन्यात पारोळ्याला आमचं शिबिर होतं. बाजार समितीच्या शेडमध्ये टेबलं मांडलेली, बाहेर माणसांची रांग. ज्यांना बऱ्यापैकी दिसतं त्यांना चष्मा देऊन घरी पाठवायचं, बाकीच्यांना डॉक्टरांपुढे. सबनीस साहेब फायलीसाठी फोटो काढायला आले होते. अक्का माझ्या टेबलाशी, कोटात.

एक सत्तरीच्या आजी आल्या. हिरवं लुगडं, ताठ मान. मी तक्ता दाखवला. वर, खाली, उजवीकडे, वर. पहिल्या झटक्यात सगळी उत्तरं बरोबर. मी खूश. चष्म्याच्या रांगेची चिठ्ठी लिहून त्यांच्या हातात दिली. आजी उठल्या आणि टेबलाच्या कोपऱ्याला अलगद हात लावून वळल्या.

"मावशी, जरा थांब," अक्का म्हणाल्या.

त्यांनी कोटाची बटणं काढली. एक, दोन, तीन. साहेब पाच हातांवर उभे होते. त्यांनी मोबाइल खाली घेतला. मी अक्कांना खुणावलं, नको म्हणून. स्टोअररूम आता नक्की, हे मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत असणार. अक्कांनी बाही कोपरापर्यंत सारली आणि हात आजींच्या पुढे धरला. अंगठा मनगटाशी.

"मोज."

"आठ," आजी लगेच म्हणाल्या.

अंगठ्याखाली दोन टिपक्या होत्या. दिसत होत्या सहा. रांगेत कोणीतरी आमच्या वॉर्डात राहून गेलेलं होतं. तक्त्याचे पायही रांगेतल्या लोकांनी ऐकून ऐकून पाठ केले होते, हे मला तेव्हा कळलं, आणि माझे कान गरम झाले.

अक्का रागावल्या नाहीत. खाली बसल्या आणि आजींचा हात हातात घेतला. "मावशी, तुले दिखस नही."

आजींची मान तशीच ताठ राहिली. मग हळू म्हणाल्या, "कोनले सांगू नको. आठ दिनमा नातूनं लगन शे. माले दिखस नही आशे समजनं ते कोपरामा बसाडी देतीन."

अक्का लगेच कामाला लागल्या. "लगन व्हई जाऊ दे. गानं म्हन, हयद लाव. दुसरा दिन मी तुले लेवाले येसू." डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले, आठ दिवसांनी काही बिघडत नाही. मी चिठ्ठी परत घेतली आणि फाडली.

संध्याकाळी आम्ही गाडीतून परत निघालो. अक्कांची बाही वरच होती. साहेब पुढच्या सीटवर. एरंडोल आल्यावर मागे न बघताच त्यांनी विचारलं, "अक्का, तक्त्यावर सगळं बरोबर सांगितलं होतं त्यांनी. मग तुम्हाला कसं कळलं?"

"मन्ही माय बी आशीच टेबलले हात लाये," अक्का म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. सात टिपक्या लग्नाआधी आईने मांडीवर धरून गोंदवून घेतल्या होत्या. सासर तापीच्या अलीकडे, माहेर पलीकडे. माहेरी गेलं की आई हात हातात घ्यायची आणि टिपक्या मोजायची. पोरीचं सगळं जागच्या जागी आहे ना, एवढंच बघायचं असे. पुढे आई भिंतीला हात लावून चालायला लागली. विचारलं तर म्हणायची, चांगलं दिसतं. आणि टिपक्या सात, न चुकता. पोर सासर सोडून आपल्यापाशी येऊन बसेल, ही तिला धास्ती. अंगठ्याची युक्ती तेव्हा अक्कांना सुचलेली नव्हती. त्यांनी यात्रेत जाऊन बॅटरीच्या मशीनवर एक टिपकी जास्तीची काढून घेतली आणि माहेर गाठलं. आईने हात घेतला, तोंडाजवळ नेला, सावकाश मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, सात.

डॉक्टरकडे नेलं, पण उशीर झाला होता. त्यानंतर आई नऊ वर्षं जगली आणि दर वेळी सात म्हणाली. अक्का म्हणायच्या, बराबर शे, माय.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण मला रडू येत होतं. ज्या टिपकीला मी इतकी वर्षं घसरलेली सुई समजत होतो, ती माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती.

"आनि साहेब," जळगाव आल्यावर अक्का त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पूजानी ती चिकटपट्टी बी काढाले सांगा. पोरले घामोळ्या उन्यात."

साहेबांनी नुसती मान हलवली. नोटीस बोर्डावरचा नियमांचा कागद दुसऱ्या दिवशी दिसला नाही.

लग्नानंतरच्या दिवशी अक्का खरोखरच एसटीने पारोळ्याला गेल्या आणि आजींना घेऊन आल्या. ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या सकाळी मी उगाचच वॉर्डात जाऊन उभा राहिलो. अक्कांनी हात धरला. अंगठा कुठेच नव्हता.

"मोज."

आजींनी या वेळी घाई केली नाही. एकेका टिपकीवर बोट ठेवत गेल्या. सातला थांबल्या. मग बोट थोडं खाली सरकलं.

"आनि हाई एक बाहेर शे. हाई कसाले?"

पदराने आजींचा गाल टिपत अक्का म्हणाल्या, "त्या सात मन्ही मायन्या. हाई एक मन्ही."

आजींनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. अक्कांनी हात तसाच धरून ठेवला.