पेपरमिंटची डबी

गावाची घड्याळं वेळेवर आणणाऱ्या घड्याळजींना स्वतःला मात्र सकाळी जाग येत नसे. म्हणून बायकोने मोबाइलच्या अलार्ममध्ये स्वतःचाच आवाज भरून ठेवला. "अहो, उठा!" आणि पाठोपाठ पातेल्यावर डावाचे चार दणके.

जाग येऊ लागली, पण महिन्याभरात भलतंच झालं. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात तिळाएवढा स्क्रू धरून बसत. आतून नुसतं "अहो" आलं, की हात उडे आणि स्क्रू थेट कपाटाखाली.

मुख्याध्यापकांच्या घड्याळाचा स्क्रू असा तिसऱ्यांदा उडाला.

"शनिवारी पाचला येतो," मुख्याध्यापक म्हणाले. "नाही झालं, तर दुसरीकडे नेईन. शाळेची सगळी घड्याळंसुद्धा."

घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. बायको हिरमुसली. "पंचवीस वर्षं हाक मारतेय. आताच कसला झटका बसतो?"

"तुझा दोष नाही गं. हातच ऐकत नाहीत."

कॉलेजात मानसशास्त्र शिकणारी लेक मात्र खूश झाली. "बाबा, रोज घंटा वाजवून खायला दिलं, की पुढे कुत्र्याला नुसत्या घंटेनेही लाळ सुटते. तुमच्या डोक्यात 'अहो'ला दणके चिकटलेत."

"बापाला कुत्रा म्हणतेस?"

"आता दुसरं काहीतरी चिकटवू. अलार्म बंद. आई बोलली, की लगेच पेपरमिंट तोंडात."

पत्र्याची डबी आली. "अहो" झालं की खडखड, आणि गोळी तोंडात. तोंड भरलेलं असल्यामुळे घड्याळजींना मध्येच "कळलं, कळलं" म्हणता येईना. नवरा इतकं निमूट ऐकतो, हे सुख बायकोला लग्नानंतर प्रथमच मिळत होतं. ती पोटभर बोलू लागली.

शनिवार. पाचला पाच कमी. मुख्याध्यापक डोक्यावर उभे. चिमट्यात स्क्रू.

"अहो, गॅस संपला!"

घड्याळजींचा हात जागचा हलला नाही, फक्त तोंडाला पाणी सुटलं. स्क्रू बसला आणि घड्याळ चालू झालं.

"वा!" मुख्याध्यापक म्हणाले. "शाळेची घड्याळं सोमवारी पाठवतो."

आनंदाच्या भरात घड्याळजींनी डबी उचलून जोरात वाजवली.

त्यासरशी बायको खुर्ची घेऊनच बाहेर आली आणि दुकानाच्या दारात बसली.

"गॅसचं राहू दे. तर बहिणीच्या नव्या घराचं सांगत होते ना, आपण पायापर्यंत आलो होतो."

"अगं, मी बोलावलं नाही तुला!"

"मग डबी कशाला वाजवलीत?"

मुख्याध्यापकांनी दाराकडे पाहिलं. बाहेर जायची वाट खुर्चीने अडवली होती. त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला.

"मलाही एक द्या."