ट्युब्याचे धर्मबाप

सांता क्वितेरियाच्या ग्रामसभेने एक जुना, वापरलेला ट्युबा घ्यायचा ठराव एकमताने संमत केला. ट्युबा म्हणजे बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी फुंकवाद्य, आणि बँडशिवाय आमच्याकडे बारसं होत नाही आणि प्रेतही उठत नाही, त्यामुळे विषय गंभीर होता. निवड समिती वाहाका शहरात गेली. ट्युबा वाजवणाऱ्यालाही सोबत नेलं होतं, उचलायला.

दुकानात त्याने एक चेपलेला ट्युबा फुंकून पाहिला आणि याचा सूर पक्का आहे म्हणाला. शेजारी एक चकचकीत होता. सूर बदलायला बोटाने दाबायचा त्याचा मधला दट्ट्या अडकत होता. समितीने चकचकीत घेतला, कारण त्याच्या कर्ण्यावर नावं कोरायला जागा भरपूर होती.

नावं म्हणजे धर्मबापांची. आमच्याकडे लग्नाच्या केकलाही खर्च उचलणारा धर्मबाप लागतो, मग एवढ्या पितळेला एक कसा पुरणार? अध्यक्ष अबुंदिओ कर्ण्याचे झाले, कासिल्दा मावशी दट्ट्यांच्या तेलाच्या, नेमेसिओ तोंडाला लावायच्या फुंकणीचा. पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं. देखभालीचा नियमही तिथेच ठरला: ज्याचा भाग, त्याची परवानगी. मावशींनी तेलाची बाटली देव्हाऱ्यात ठेवली आणि कुणाला थेंबही दिला नाही. बोटांचे डाग पडतात म्हणून अध्यक्षांनी कर्ण्याला हात लावायची बंदी केली. नेमेसिओ कामासाठी लॉस एंजेलिसला गेला तो फुंकणी सोबत घेऊनच; लेकराला वाऱ्यावर सोडेल तो बाप कसला.

मग ट्युबावाल्याची आई गेली. गावातल्या प्रत्येक मयताला त्याने वाजवलं होतं, आणि तिची एकच इच्छा होती, की आपल्यामागेही लेकाने वाजवावं. तो अध्यक्षांकडे आला.

"काका, शेजारच्या गावातून फुंकणी मागून आणतो. आजच्यापुरतं वाजवू द्या."

"परकी फुंकणी? नेमेसिओला काय वाटेल?"

"माझी आई आहे हो, काका."

"म्हणूनच सांगतोय. तिच्या मयताला वाद नको. तू असं कर, ट्युबा सगळ्यांच्या पुढे घेऊन चाल. हातमोजे घालून."

अंत्ययात्रा फार शोभिवंत झाली. ट्युबा मुका होता, पण लखलखत होता. लोक वाटेत थांबून कर्ण्यावरची नावं वाचत होते आणि हजर असलेले धर्मबाप नम्रपणे मान लववत होते. लेक हातमोज्यानेच डोळे पुसत चालला होता. मला त्या दिवशी सगळ्या गावाची चीड आली.

आता कर्ण्यावर जागा उरलेली नाही, म्हणून समिती याहून मोठा ट्युबा शोधते आहे. वाजवणाऱ्याचं नाव जुन्यावर नाही, नव्यावरही नसेल. पण आमच्या गावाला नावं ठेवू नका. इथवर सगळं वाचलंत. त्याचं नाव काय, हे तुम्ही तरी कुठे विचारलंत?