व्हर्नने नेलेले बटाटे

"वजनावरून तरी कळायला हवं होतं, व्हर्न!"

"हलके लागले, हे कबूल. पण म्हटलं, हल्लीचे बटाटे..."

"हल्लीचे बटाटे काय? केसांचे येतात?"

"मला काय ठाऊक! तू कॉलेजात जायला लागल्यापासून या घरात खायचं कुठलं आणि शिकवायचं कुठलं, याचा पत्ता लागतो का? परवा फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीत गांडुळं निघाली!"

"गांडुळं मी ओव्हनमध्ये ठेवली नव्हती."

"तेच म्हणतोय मी! ओव्हनमधली वस्तू माणूस खायची समजणार, का पायात घालायची?"

या मुद्द्यावर आपण जिंकलो असं व्हर्नला क्षणभर वाटलं. (नवऱ्यांना असं अधूनमधून वाटतं. तेवढा क्षण त्यांना भोगू द्यावा, तो फार टिकत नाही.) पण त्याची बायको आर्डिस ओव्हनचं दार उघडं टाकून तिथेच फरशीवर बसली आणि आतल्या रिकाम्या जाळीकडे बघत राहिली.

त्या ओव्हनमध्ये घुबडाच्या गुठळ्या होत्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं, मांस पचवतं, आणि उरलेल्या केसांची नि हाडांची गच्च गुठळी करून तोंडावाटे बाहेर टाकतं. मिनेसोटातल्या प्राथमिक शाळांत पोरांना ही गुठळी चिमट्याने उकलायला देतात. आतून उंदराचा सगळा सांगाडा निघतो. (ज्यांना हे ओंगळ वाटतं त्यांनी एकदा सात वर्षांच्या मुलीच्या तळहातावर उंदराची कवटी ठेवावी आणि तिचे डोळे बघावेत. मग बोलावं.) आर्डिसने गावातल्या ट्वेट आजींच्या कोठारात शिडी लावून, तुळयांवर लोंबकळून या गुठळ्या गोळा केल्या होत्या. जंतू मरावेत म्हणून एकेक गुठळी चंदेरी कागदात गुंडाळून ओव्हनमध्ये तापवायला ठेवली होती. आणि व्हर्नने तो सगळा ट्रे उचलून गावच्या बंबखान्यातल्या, म्हणजे आगीचे बंब ठेवतात तिथल्या, रविवारच्या अंगतपंगतीला नेला होता. भाजलेले बटाटे म्हणून, कारण तिकडे अख्खे बटाटे असेच चंदेरी कागदात गुंडाळून भाजतात. टेबलावर स्वतःच्या हाताने मांडून, शेजारी आंबट क्रीमचा वाडगा ठेवून तो शर्ट बदलायला घरी आला होता.

यात त्याचा हेतू वाईट नव्हता, हे सांगायला हवं. हेतू चांगला होता म्हणूनच तर एवढा घोटाळा झाला.

आर्डिसने वीस-बावीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. पोरांना शाळेच्या दारात सोडायचं आणि रिकामी बस घेऊन परत फिरायचं. गेल्या उन्हाळ्यात जेवता जेवता तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "मला त्या दाराच्या आत जायचंय." दुसऱ्याच आठवड्यात तिने जिल्ह्याच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. आधी इथली दोन वर्षं, मग विद्यापीठ, मग प्राथमिक शाळेची शिक्षिका! पन्नाशी उलटलेल्या बाईने! पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरापोरींनी घाईघाईने फोन खिशात घातले आणि वह्या उघडल्या. त्यांना वाटलं, बाई आल्या. आर्डिस मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसली, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते म्हणे.

व्हर्न पशुखाद्याच्या दुकानात गल्ल्यावर बसतो आणि गावच्या अग्निशमन दलात हौसेने काम करतो. बायको शिकते म्हटल्यावर आपणही काहीतरी करावं असं त्याने मनावर घेतलं. म्हणजे पाठिंबा द्यायचा. (पाठिंबा देणारा नवरा घरात असला की बाईने दारं-खिडक्या तपासून घ्याव्यात.) त्याने परस्पर दलाच्या लोकांना सांगून टाकलं, "यंदा बटाटे आमच्याकडून!" शनिवारी आर्डिस पुस्तकात डोकं घालून बसली होती.

"उद्या बंबखान्यात बटाटे न्यायचेत," व्हर्न म्हणाला.

"हं," आर्डिस म्हणाली.

वाचणाऱ्या माणसाच्या 'हं'वर विसंबून कोणी काही करू नये. पण रविवारी ओव्हनमध्ये चंदेरी पुड्या दिसल्या आणि व्हर्नचा ऊर भरून आला. एवढ्या अभ्यासात आठवण ठेवली बिचारीने!

आणि अभ्यास म्हणजे साधासुधा नव्हे. सोमवारी सकाळी आर्डिसला दुसरीच्या खऱ्या वर्गावर याच गुठळ्यांचा पहिला पाठ घ्यायचा होता. कॉलेजातल्या कोवाच बाई मागे बुटक्या खुर्चीवर बसून बघणार होत्या. पाठ जमला तर पुढचं सत्र, नाहीतर इथेच थांबायचं.

"ही खूणच समज," आर्डिस फरशीवरून म्हणाली. "मी उद्या जात नाही. परवापासून बस चालवते."

"खूण कसली! उठ. अजून जेवण सुरू नसेल झालं. जाऊ आणि उचलून आणू."

जेवण सुरू झालं होतं.

आता मिनेसोटातल्या माणसांची एक गोष्ट आहे. शेजारणीने आणलेल्या पदार्थाला ती मरतील पण नावं ठेवणार नाहीत. फार झालं तर म्हणतील, "वेगळं आहे हं." याच्यापुढे शिवी नाही. व्हर्न आणि आर्डिस दारातून धावत आत शिरले तेव्हा दोन लाल बंबांच्या मधल्या जागेत लांब टेबलांवर सगळं गाव बसलं होतं, आणि कोणी चकार शब्द काढत नव्हतं. बऱ्याच पुड्या उघडल्या होत्या. गुठळ्यांवर क्रीम पडलं होतं, किसलेलं चीज पडलं होतं, बेकनचे तुकडे पडले होते. माणसं काट्याने हळूहळू टोचत होती आणि एकमेकांच्या ताटांकडे चोरून बघत होती.

"वेगळं आहे," एक बाई म्हणाली.

"बरंच वेगळं आहे," तिचा नवरा म्हणाला आणि त्याने आणखी क्रीम घेतलं.

दलाचा प्रमुख डुएन, सहा फुटी गडी. जळत्या गोठ्यातून त्याने एकट्याने गाई बाहेर काढल्या आहेत. तो उठून व्हर्नजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "व्हर्न, राग मानू नकोस. तुझ्या बटाट्याला दात आहेत."

व्हर्नला बंबाखाली सरपटत जावंसं वाटलं. तिकडे ट्वेट आजी रुमालाने ओठ टिपत होत्या. "मी घासभर घेतला हो. कोरडा वाटला जरासा. पण पोरगी शिकतेय, म्हटलं कशाला बोला."

व्हर्नने बायकोकडे बघितलं. आता ही रडणार, नाहीतर पळणार, नाहीतर सगळ्यांसमोर माझा जीव घेणार, असं त्याला वाटलं. यातलं तिसरं त्याने पत्करलं असतं.

आर्डिसने दोन्ही हात वर केले आणि टाळ्या वाजवल्या. दोन सावकाश, तीन भराभर.

शाळेत बाई अशा टाळ्या वाजवतात आणि पोरांनी तशाच टाळ्यांनी उत्तर देऊन गप्प बसायचं असतं. त्या शेडमधल्या प्रत्येकाला कधीतरी हे वळण लागलेलं. आधी पोरांनी टाळ्या दिल्या. आणि मग, काही कळायच्या आत, डुएनने दिल्या, आजींनी दिल्या, क्रीमचा चमचा तोंडात धरून त्या नवऱ्याने दिल्या. सगळे हात मांडीवर ठेवून ताठ बसले.

"काटे खाली," आर्डिस म्हणाली. "तुमच्यासमोर आहे तो बटाटा नाही. भाजून निर्जंतुक केलेलं आहे, कोणाला काही होणार नाही. आता हाताने हळू उकला, आणि काय दिसतं ते सांगा."

"आर्डिस, मी जे गिळलं ते—"

"हात वर करून, डुएन."

डुएनने हात वर केला. "माझ्यात जबडा निघालाय."

"कोणाचा?"

"माझा नाही."

हशा पिकला. आर्डिसने तो पिकू दिला, मग म्हणाली, "पुढचे दात बघ. कसे आहेत?"

"लांब. नारिंगी."

"त्यांच्यामागे?"

"मोकळी जागा. मग दाढा."

"असे दात कोणाचे असतात?" ती विचारून थांबली. उत्तर स्वतः दिलं नाही. वीस-बावीस वर्षं बसमध्ये "खाली बसा!" म्हणून ओरडणारी ही बाई गप्प उभी राहिली आणि वाट बघत राहिली. एवढी शांतता त्या लोकांनी प्रार्थनेलाही कधी पाळली नव्हती.

"उंदीर!" लाल स्वेटरवाली एक मुलगी किंचाळली.

"कशावरून?"

"त्याला कुरतडायला लागतं!"

मग जी गंमत उडाली! पोरं टेबलांवर चढली. कोणाला कवटी, कोणाला बरगड्या. एकाला लाल टोकांचे दात सापडले, मध्ये मोकळी जागाच नाही. ती चिचुंद्री निघाली. गुठळी कोण करतं, कशी करतं, घुबडाला चावायला दात का नाहीत, आर्डिसने एकही गोष्ट सांगितली नाही, सगळी त्यांच्याकडून काढून घेतली. ट्वेट आजींनी चष्मा लावला, आपली गुठळी उकलली आणि म्हणाल्या, "म्हणजे हे माझ्याच कोठारातलं? तरीच चव ओळखीची लागली."

व्हर्न भिंतीला टेकून उभा होता. या बाईशी आपण तीस वर्षं संसार केला आणि ही आपल्याला माहीतच नव्हती, असं त्याला वाटलं. त्याचे डोळे भरून आले. कोणी विचारलंच तर कांद्याचं नाव सांगायचं त्याने ठरवलं, पण टेबलावर कांदा नव्हता.

निम्म्या पुड्या न उघडता उरल्या होत्या. (शेजाऱ्यांच्या भिडेलाही मर्यादा असते.) दोघादोघांत एक दिली तर उद्याच्या वर्गाला पुरणार होत्या. ट्रे मांडीवर घेऊन आर्डिस गाडीत बसली. कापणी झालेल्या मक्याच्या शेतांतून गाडी निघाली आणि व्हर्नची जीभ सैल सुटली.

"काही म्हण, माझ्यामुळे तुझी रंगीत तालीम झाली!"

आर्डिस हसली नाही. "मी उद्या जात नाही, व्हर्न."

"आता काय झालं? सगळ्यांनी टाळ्या नाही वाजवल्या?"

"ती आपली माणसं आहेत. भिडेखातर त्यांनी केसांची गुठळी खाल्ली, माझा पाठ नाही का खाणार? उद्याची पोरं भीड ठेवत नाहीत. मला विषय ठाऊक आहे, पण मी बोलते ते त्यांच्या डोक्यात शिरतं का? नाही शिरलं तर त्या बुटक्या खुर्चीवर बाई बसलेल्या असणार. सगळं तिथेच संपेल."

व्हर्नने गाडी बाजूला घेऊन थांबवली. त्याला खरंच राग आला होता.

"शिरत नाही म्हणजे काय? ऐक! घुबडाला दात नाहीत म्हणून ते अख्खा उंदीर गिळतं. मांस खाली जातं. केस आणि हाडं पचत नाहीत, ती वरच अडकतात आणि त्यांची गुठळी होते. ती बाहेर टाकल्याशिवाय त्याला पुढचं खाता येत नाही. नारिंगी दात आणि मध्ये जागा असेल तर उंदीर. लाल टोकं आणि जागा नसेल तर चिचुंद्री. आणि एका गुठळीत तीन कवट्या निघाल्या तर समजायचं, त्या रात्री घुबडाचं पोट चांगलं भरलं होतं!"

तो धापा टाकत थांबला. एवढं सलग तो लग्नातही बोलला नव्हता.

आर्डिस त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, तिने मांडीवरचा ट्रे नीट सावरला, सीटचा पट्टा ओढून लावला आणि म्हणाली, "तुझ्या डोक्यात शिरलं ना, व्हर्न? मग चल घरी, दुसरीतल्या पोरांची मला आता काही काळजी नाही."