मार्थामावशींची ड्यूटी

नाताळची उपासना संपली की आमच्या चर्चच्या दारात पाळकसाहेब उभे राहतात आणि बाहेर पडणारा प्रत्येक जण त्यांचा हात हातात घेऊन शुभेच्छा देतो. मार्थामावशी मात्र शुभेच्छा देत नाहीत. त्या प्रश्न विचारतात आणि दरवर्षी तोच विचारतात.

"पास्टर, मले एक सांगा. नाळ कोनं कापली?"

नागपुरात नव्याने बदलून आलेल्या पाळकांना आधी प्रश्नच कळत नाही. मग मावशी तो समजावून सांगतात, आणि मागची रांग खोळंबते. "मरिया म्हनजे पहिलटकरीण. वय कोवळं. घर किती दूर. सोबत कोन, तर एक सुतार! त्याले लाकडातलं समजत असन, बाळंतपणातलं काय समजते? मंग लेकराले हातात कोनं झेललं?"

मावशींनी आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात प्रसूतीच्या वॉर्डात नोकरी केली. साऱ्या जगाला तारणाऱ्या येशूचा जन्म त्यांना आधी बाळंतपण म्हणून दिसतो आणि नंतर तारण म्हणून. एका वयस्क पाळकांनी त्यांना शांतपणे सांगून पाहिले, की तो जन्म पवित्र होता, इतर जन्मांसारखा तो मानू नये. मावशी म्हणाल्या, "पवित्र तर सारेच असतात. सोपा होता काय, ते तुमच्या मिसेसले विचारा." त्यांच्यानंतर आलेले पाळक तरुण होते आणि अभ्यासू होते. त्यांनी चष्मा सावरून उत्तर दिले, "मावशी, पवित्र शास्त्रात या बाबतीत मौन आहे."

"मौन हाय ना? मंग समजून घ्या. जिथं कोनाचं नाव लिहिलं नाही, तिथं बाईनं काम केलं असन."

हे तरुण पाळकसाहेब त्या दिवशी जेवायला आमच्याकडे होते. पुलाव वाढून घेताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "त्या बाईंचं म्हणणं मला खोडता येत नाही हो."

मी मंडळीचा चिटणीस आहे. सदर भागातल्या आमच्या चर्चमध्ये दर डिसेंबरात गव्हाणीचा देखावा मांडला जातो आणि त्यावरून होणारी भांडणे माझ्याकडे येतात. मातीच्या मूर्तींतला बाळ येशू हात पसरून, कमरेला एवढासा कपडा लावून गवतावर निजलेला आहे. मूर्ती सुंदर आहे. मावशींना ती पाहवत नाही. "डिसेंबरात असं उघडं ठेवते काय कोनी? 'बाळंत्याने गुंडाळून' असं शास्त्रातच हाय. वाचता तरी काहून मंग?" त्या लोकरीचे झबले आणि टोपडे विणून आणतात आणि कोणाचे लक्ष नसताना बाळाला घालून जातात. सजावट समितीचा प्रमुख ते काढतो. संध्याकाळपर्यंत बाळ पुन्हा टोपड्यात असते.

हा प्रमुख एकदा चिडून सर्वांसमोर म्हणाला, "मावशी, ही सजावट आहे, वॉर्ड नाही!" मावशींनी त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि आसपासच्या मंडळींना माहिती दिली, "हा पायाळू. जन्माले येतानाही यानं पायच आडवे घातले होते. याच्या मायले विचारा." आई तिथेच होती आणि तिने मान डोलावली. त्या वर्षी टोपडे राहिले.

देखाव्यातल्या मेंढपाळांविषयी आणि पूर्वेकडून भेटी घेऊन आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी लोकांविषयीही त्यांच्या तक्रारी आहेत. रानातून, मेंढरांतून आलेली माणसे सरळ तान्ह्या लेकराजवळ जातात हे त्यांना मान्य नाही. "आधी हात धुवा म्हना त्याहीले." मागी लोकांनी आणलेल्या सोन्याला त्यांची हरकत नाही. ऊद आणि गंधरस मात्र त्यांनी नामंजूर केला आहे. "नवजात लेकरासमोर धूर करते काय कोनी? शिंका येतीन त्याले."

मावशी अर्ध्या मंडळीला नावाने कमी आणि जन्माने अधिक ओळखतात. हा उशिरा रडला. ही आषाढात झाली, वॉर्डात पाणी शिरले होते. हा जुळ्यांतला धाकटा, याला मोजतच नव्हते कोणी. वधूवरांना आशीर्वाद देताना त्या नवरदेवाचे जन्मावेळचे वजन जाहीर करतात आणि त्या भरदार माणसाला मांडवात तोंड लपवावे लागते. आम्ही हसतो. मावशी हसत नाहीत. त्यांच्या लेखी ती ओळख करून देण्याची योग्य रीत आहे.

त्या स्वतः मिशनच्या वसतिगृहात वाढल्या. लग्न केले नाही. मागेपुढे कोणी नाही. चर्चपासून जवळच एका खोलीत राहतात. नाताळच्या दिवशी त्यांना जेवायला बोलावण्याची आमच्याकडे जुनी पद्धत आहे, आणि ते बोलावणे न स्वीकारण्याची त्यांची.

"मावशी, दुपारी या जेवायला."

"नाही जमत गा सुधीर. ड्यूटी हाय."

नोकरीत असताना हे खरेच होते. नाताळची पाळी त्या स्वतः मागून घेत. "लेकरंबाळंवाल्यांले जाऊ द्या घरी," असे म्हणून त्या सहकारी परिचारिकांना सुटी देत. पुढे त्या निवृत्त झाल्या, तरी उत्तर तेच राहिले. मला वाटले, दवाखाना अजूनही अडीअडचणीला बोलावत असेल. असे वाटून घेणे सोयीचे होते. मी स्वतःला सौम्य माणूस समजतो, पण दुसऱ्याने नाही म्हटले की दुसऱ्यांदा न विचारणे ही सौम्यता की आळस, हे मी कधी नीट तपासले नाही. चर्चच्या दारात आमंत्रण देऊन झाले की माझे नाताळचे कर्तव्य संपत असे. त्यांच्या नकाराने थोडे हलकेही वाटत असे.

गेल्या नाताळात मुलगी पुण्याहून येऊ शकली नाही आणि मुलगा तर परदेशीच असतो. शालिनीने, माझ्या पत्नीने, सवयीने चौघांचा स्वयंपाक केला आणि मग ताटे मांडताना ती थांबली. "दोघंच बसून काय जेवायचं?" ती म्हणाली. "मावशींना आणा तुम्ही. ड्यूटी असेल तर डबा देऊन या, आणि सुटल्यावर आपल्याकडेच या म्हणावं. या वेळी नाही ऐकायचं नाही."

उपासनेनंतर मावशींनी नेहमीचे उत्तर दिलेच होते. मी पुलाव, मटण आणि करंज्यांचा डबा घेऊन मिशनच्या दवाखान्यात गेलो. फाटकावरचा चौकीदार उन्हात खुर्ची टाकून संत्रे सोलत होता.

"मार्था सिस्टर कुठल्या वॉर्डात आहेत?"

"त्या? त्या तर कवाच्याच रिटायर झाल्या, साहेब."

"आज ड्यूटीवर बोलावलं असेल ना?"

"कायची ड्यूटी? डिलिव्हरीचा वॉर्डच बंद हाय. तिथं आता पलंग अन् गाद्या ठेवल्या." त्याने एक फोड तोंडात टाकली. "सिस्टर येऊन गेल्या सकाळी. दर क्रिसमसले येतात. मले केक देतात, त्या बंद दारापर्यंत चक्कर मारतात, अन् सरकारी दवाखान्याकडे निघून जातात. ऑटोवाला ओळखीचा हाय त्यांचा."

मी डबा घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. प्रसूती विभागाबाहेरच्या लांब व्हरांड्यात नातेवाइकांची गर्दी होती. चटया, घोंगड्या, थर्मास, संत्र्यांच्या साली. कोणी सावनेरहून आलेले, कोणी उमरेडहून. त्या गर्दीत भिंतीला टेकून, नाताळची पांढरी साडी आणि करडा स्वेटर घातलेल्या मार्थामावशी चटईवर बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. शेजारी त्या मुलाची आजी घाईघाईने भाकर खात होती. रात्रीपासून तिला दोन घास खायला हात मोकळे मिळाले नसावेत.

"अगा सुधीर! तू काहून आला इथं? शालिनी बरी हाय ना?"

"बरी आहे. तुमच्यासाठी डबा पाठवलाय."

मावशींनी डब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी कुठून कुठून फिरून आलो असेन, ते त्यांच्या ध्यानात आले. आजीचे खाणे होईपर्यंत त्या मुलाला थोपटत राहिल्या. मूल तिच्या हातात देऊन त्यांनी पदर नीट केला.

"शालिनीले नको सांगू."

"काय नको सांगू?"

"ड्यूटी नाही मले, हे."

मी डबा चटईवर ठेवला. 

"रिटायर झाली त्या वर्षी ड्यूटी सांगून घरीच होती मी," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "चर्चमधून आली. कुकर लावला. चांगली साडी तशीच ठेवली अंगावर, म्हटलं, तरी कोनी येईन. दुपार झाली, ऊन उतरलं. कोन येते? ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे. मंग पुढच्या वर्षी इथं येऊन बसली. इथं बसलं की कोनी ना कोनी येतेच."

"आमच्याकडे यायचं होतं, मावशी. दरवर्षी तर बोलावतो."

"बोलावता. खोटं कायले बोलू?" त्यांनी चटईची सुटलेली काडी आत खोचली. "पण जेवून मले परत खोलीतच जायचं राहते ना गा. तुमच्या घरातून निघून तिथलं कुलूप उघडाले लय जड जाईन. त्यापेक्षा ड्यूटी बरी."

मी जे आमंत्रण देत आलो होतो, ते एका ताटाचे होते. ताट उचलल्यानंतरच्या वेळेचा मी कधी विचार केला नव्हता. आणि आजही मी त्यांना न्यायला आलो होतो, तो आमच्या घरातली दोन खुर्च्यांची पोकळी भरण्यासाठी. बोलावणाऱ्याची स्वतःचीच काही गरज असते, हे त्यांना ठाऊक असावे. त्यांनी मला ते बोलून दाखवले नाही.

तेवढ्यात विभागाचे दार उघडले. परिचारिकेने कन्हानच्या कोणा बाईचे नाव पुकारले. एक तरुण धडपडत उठला. त्याच्या पायात एकच चप्पल होती.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

तो दाराकडे बघत तसाच उभा राहिला. मग सगळा व्हरांडा बोलू लागला. ज्यांची एकमेकांशी ओळख नव्हती, ती माणसे त्याच्या पाठीवर थाप मारत होती. कोणी त्याची दुसरी चप्पल शोधत होते. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "रडून घे बेटा. बाप झाला आता, मंग वेळ नाही भेटत." मग त्या दाराकडे तोंड करून, हात जोडून थोडा वेळ उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. सकाळच्या उपासनेत आम्ही पूर्ण आवाजात स्तोत्रे गायिली होती. प्रभू आला आहे, असे मीही गायिलो होतो. ते कोणाला उद्देशून गायिलो, हा प्रश्न मला त्या व्हरांड्यात पडला.

खिशातला फोन वाजला. शालिनी होती.

"भेटल्या का? येताहेत ना? मी ताटं मांडून बसलेय."

मी मावशींकडे पाहिले. त्या परत चटईवर बसून, कोणाच्या तरी नातवाची कुंची सारखी करत होत्या.

"शालिनी," मी म्हणालो, "ताटं उचल. पुलाव, मटण, केक, जे असेल ते सगळं घे आणि रिक्षा करून इकडे ये. सरकारी दवाखान्यात, प्रसूती विभागाच्या बाहेर."

तिने विचारले, "कोण आहे तिथे आपलं?"

"ये तर. इथे बरेच आहेत."

फोन ठेवला तेव्हा मावशी माझ्याकडेच बघत होत्या.  त्यांनी आपली पिशवी मांडीवर घेतली, भिंतीकडे सरकल्या आणि चटईचा मोकळा झालेला भाग हाताने झाडला.

"बस ना गा," त्या म्हणाल्या. "शालिनीपुरतीही जागा होते."