फाटकाची घंटी आणि नत्थूचं दार

"सदतीस वर्सं मी हत्तीएवढे ट्रक हात दाखवून थांबवले. हे हातभर गाडी मले काय जड हाये?" आंबागडच्या चौकात चहा पिता पिता गोमाजीनं सगळ्यांना ठणकावून सांगितलं, आणि तिथंच कामाला दृष्ट लागली म्हणायची!

गोमाजी म्हणजे रेल्वेतला निवृत्त गेटमन. फाटक पाडायचं, गाडी जाऊ द्यायची, फाटक उचलायचं. जन्म गेला त्यात. फाटकाजवळच्या खोलीत बायको कुंताबाई सोबतीला. घंटी वाजली रे वाजली की ती चुलीपासूनच ओरडायची, "गाडी आली जी!" जशी काही घंटी तिलाच तेवढी ऐकू येते आणि गोमाजी ठार बहिरा! निवृत्तीनंतर दोघं गावी आले, आणि आठ महिन्यांपूर्वी कुंताबाईला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई खाटेवर पडून नुसती आढ्याकडे पाहत राहायची. गोमाजीला ते मुकं घर खायला उठे. तो मुद्दाम ताटं पाडायचा, तेवढाच घरात आवाज!

भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले होते, "जुन्या सवयीचं काहीतरी त्यांच्या कानावर पडू द्या. एखादा शब्द सुटला तर पुढचेही सुटतील." झालं! गोमाजीच्या डोक्यात फाटक शिरलं. पुण्याच्या पोराकडून, प्रवीणकडून, त्यानं रूळ असलेली खेळण्यातली आगगाडी मागवली. खराट्याची काडी तांबडी-पांढरी रंगवून तिचं फाटक केलं. तुमसरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या कमलेशनं त्याला इवलीशी मोटर लावून दिली, लाल-हिरवा सिग्नल दिला, घणघण वाजताना लाल दिवा पेटवणारी एक घंटी दिली आणि चार बटनांचा रिमोट गोमाजीच्या हाती ठेवला. "काका, पयलं बटन गाडीचं, दुसरं फाटकाचं, तिसरं सिग्नलचं, चौथं घंटीचं."

"मले शिकवते काय बे?" गोमाजी म्हणाला.

खाटेभोवती रूळ मांडले. गोमाजीनं फाटकाचं बटन दाबलं, तर गाडीच उलटी सुटली आणि खाटेच्या पायावर आपटून चारी चाकं वर! दुसऱ्या खेपेला फाटक गाडीच्या डोक्यावरच पडलं. सदतीस वर्षांत एक अपघात नाही, आणि सकाळभरात अकरा! शेवटी कंटाळून त्यानं घंटीचं बटन दाबलं. घणघणघण!

कुंताबाईचे डोळे आढ्यावरून खाली आले. आठ महिन्यांत पहिल्यांदा! गोमाजी रिमोट घेऊन तिच्या उशाशी सरकला. त्यानं पुन्हा दाबलं. तिनं पुन्हा पाहिलं. मग काय, माणूस बटनावरून बोट काढीचना!

इकडे शेजारच्या घरात नत्थू बेजार. नत्थूचे दोन्ही कान गेलेले. म्हणून त्याच्या बायकोनं, शकुनबाईनं, दाराला बिनवायरची घंटी बसवली होती. बाहेर कुणी बटन दाबलं की घरात लाल दिवा पेटायचा आणि एक बाई गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडायची, "कृपया दरवाजा खोलिए!" ती नत्थू सोडून सगळ्यांना ऐकू यायची. दिवा मात्र नत्थूला दिसायचा. त्या दिवशी दिवा पेटला, नत्थू उठला, दार उघडलं, बाहेर कुणी नाही. बसला, पुन्हा पेटला. असं चौदा वेळा! शकुनबाई घरी नव्हती, आणि दारावरच्या बाईचं ओरडणं गोमाजीच्या घणघणाटात बुडून जात होतं. पंधराव्या वेळी तो काठी घेऊन दाराआड दबा धरून बसला, आणि नेमका गॅसवाला आला. त्यानं बटन दाबायला आणि नत्थूनं काठी हाणायला एकच गाठ पडली.

"अरे बापा! सिलिंडर आणलं म्हनून मारता काय?" गॅसवाला पिंढरी चोळत बोंबलला.

"कोन मेलं?" नत्थूनं विचारलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे वेगळंच नाटक झालं. गोमाजी खाटेपासून चार हात दूर, पाठमोरा, उलटलेली गाडी पुसत होता. रिमोट कुंताबाईच्या डाव्या हाताशी पडलेला. आणि घंटी वाजली! आपोआप! गोमाजी गर्रकन वळला. खोलीत दुसरं कोण होतं?

"कुंते! तू दाबलं? तुनं दाबलं न वो बटन?" तो तिचा हात धरून रडलाच. मग डोळे पुसून चौकात धावला. दिसेल त्याच्या हातावर पेढा! "हात हालला! मांगून जबान सुटते, डॉक्टरच म्हनले!" प्रवीणला फोन केला. बाप फोनवर हसतोय की रडतोय तेच पोराला कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमलेशला फोन लागला. सगळं ऐकून कमलेश चाचरत म्हणाला,

"काका, राग नका मानू. नत्थूकाकाच्या दाराची घंटी मीच बसवली. तुमची आन त्यायची एकाच लॉटची. इकडचं दाबलं का तिकडं वाजते, तिकडचं दाबलं का इकडं. काकूनं नसन दाबलं."

गोमाजीनं फोन ठेवला. त्याला वाईट वाटलं, आणि वाईटाहून जास्त लाज. गावभर वाटलेले पेढे आता कोणत्या तोंडानं परत मागायचे? सगळा राग नत्थूच्या दारावर निघाला. स्क्रू काढायचा पेचकस घेऊन तो पुढच्या गल्लीनं तरातरा निघाला, ती घंटी मुळापासून उपटायला. आणि अगदी त्याच वेळेला, चौदा वेळा उठबशा काढलेला नत्थू मागच्या परसातून, सांदवाडीतून, गोमाजीच्या घरी भांडायला निघाला होता. कारण बटन दाबताच शेजारची घंटी ऐकलेल्या गॅसवाल्यानं त्याला कागदावर लिहून दिलं होतं की बटन दाबणारं भूत शेजारीच राहते!

गोमाजी कितीही रागावला तरी रेल्वेचा माणूस. सूचना दिल्याशिवाय कुणाच्या घरात शिरणार नाही. त्यानं शिस्तीत नत्थूच्या दाराचं बटन दाबलं. "कृपया दरवाजा खोलिए!" दार शकुनबाईनं उघडलं. गोमाजी पेचकस रोखून बोलायला तोंड उघडणार, तोच मागून नत्थू ओरडत आला.

"गोमाभाऊ! वयनी बोलली गा! तुमची घंटी वाजली असन, दिवा लागला, आन वयनी मायाकडे पाहून बोलली! मायची आन, खरं!"

पेचकस गळून पडला. "काय बोलली?"

"आँ?"

"काऽय बोऽलली?" गोमाजी त्याच्या कानाशी किंचाळला.

"मले का माहीत बापा? मले आयकू येते काय?"

गोमाजी मटकन ओट्यावर बसला. आठ महिन्यांत एक शब्द सुटला, आणि ऐकायला कोण, तर नत्थू! तो घरी धावला, नत्थू आणि शकुनबाई त्याच्या मागोमाग. कुंताबाई पुन्हा आढ्याकडे पाहत होती. त्यानं वीस वेळा घंटी वाजवली. तिकडे वीस वेळा दरवाजा खोलिए झालं. कुंताबाईचे ओठ काही हलले नाहीत.

"तोंड कसं झालं थे तरी दाव," त्यानं नत्थूचे दंड धरले.

नत्थूनं डोळे मिटून आठवलं. ओठ गोल केले, मग मिटले, मग उघडले. तीनदा करून दाखवलं, तिन्ही वेळा तसंच. 'गाडी आली जी' नव्हतं ते. ते म्हणताना ओठ मिटतच नाहीत, गोमाजीनं आरशासमोर म्हणून पाहिलं. गोल, मग मिटलेले, मग उघडे. गो... मा...

त्याच्या अंगावर काटा आला. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढं आख्ख्या संसारात तिनं कधी त्याचं नाव घेतलं नव्हतं. आणि आता बोलायचं झालं तर तेच! "मायं नाव घेतलं वो तिनं!" म्हातारा भिंतीला टेकून पोरासारखा रडला.

"नाव कशी घेन भाऊजी थे?" शकुनबाई म्हणाली. तिला ते बोलताना बरं वाटत नव्हतं. "कोमट म्हनलं असन. कोमट पानी. तिच्या दातात कळ जाते न थंड्यानं. तुमाले माहीत नाई काय?"

गोमाजीला माहीत नव्हतं. आठ महिने तो रोज मोठ्या मायेनं माठातलं गारेगार पाणी तिला पाजत होता, आणि ती तोंड वाकडं करायची ते त्याला लकव्याचं वाटायचं.

त्यानं पाणी कोमट केलं. पेला तिच्या ओठांशी नेला. नको पिऊस कुंते, एवढं ऐक, तो मनात म्हणत होता. एकदा तरी तोंड फिरव, म्हणजे ते माझं नावच ठरेल.

ती घटाघटा प्यायली. मग डोळे मिटून समाधानानं पडून राहिली. गोमाजीनं पेल्यात वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. घोटभर तरी ठेवायचं होतं की तिनं!