नजरेला व्हिसा लागत नाही

आमच्या मजल्यावरच्या सुलभाकाकूंमुळे अख्खी बिल्डिंग कितीदा तरी जिने उतरून खाली आली आहे. कारण एकच, काकू दृष्ट काढतात. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळून तापल्या तव्यावर टाकतात, धूर होतो, छतावरचा अलार्म बोंबलतो आणि शारजाच्या अल नहदातली सुशिक्षित कुटुंबं पोरंबाळं आणि पासपोर्ट काखोटीला मारून पार्किंगमध्ये उभी राहतात. वॉचमन हात जोडतो, "मॅडम, मिर्ची खलास करो, प्लीज." काकू म्हणतात, "पहले तू इधर आ. किती उतरलंय तोंड तुझं!" आणि त्याचीच दृष्ट काढतात.

माणसांचीच नाही, नवी गाडी, जुना एसी, कशाचीही काढतात. माझ्या प्रमोशनची काढली, त्याच आठवड्यात ते प्रमोशन दुसऱ्याला मिळालं. काकू म्हणाल्या, "बघ, किती जबर लागली होती!" मिरचीचा ठसका आला नाही तर नजर मोठी होती, आला तर वेळीच काढली. म्हणजे काकू कधी हरायच्याच नाहीत. मी दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये इंजिनीअर. मला हे सगळं बिनडोकपणाचं वाटायचं.

"काकू, इथे शारजात कुठली आलीय नजर?" मी विचारायचो.

"नजरेला व्हिसा लागत नाही रे निखिल."

आमची इरा झाल्यापासून तर आमच्याकडे रोजचाच धूर. पण गंमत अशी, की काकू इराला कधी उचलून घेत नसत. माझी बायको मनाली पुढे करायची, तर म्हणायच्या, "नको गं, हाताला मिरची आहे." हात धुऊन आल्या तरी तेच. मनालीची रजा संपत आली होती आणि इराला ठेवायचं तर काकूंकडेच, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. नाहीतर नोकरी सोडायची. काकू मान हलवायच्या, "मला नाही जमायचं." शिष्ट बाई! धूर करायला एका पायावर तयार, पोर सांभाळायचं म्हटलं की नाही.

दुबईत बर्फ मिळतो, जंगल मिळतं. गेल्या हिवाळ्यात चेटकिणीही आल्या. युरोपातल्या जुन्या चेटकीण-खटल्यांचं फिरतं म्युझियम एका मॉलमध्ये लागलं होतं. अंधश्रद्धेनं काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघू दे, म्हणून मी काकूंना मुद्दाम घेऊन गेलो. बरोबर मनाली आणि बाबागाडीत इरा.

दारातच काळ्या टोप्या घालून सेल्फी काढायची सोय होती. जिवंत जाळलेल्या बायकांच्या नावानं लोक जिभा बाहेर काढून हसत होते. आत लाल दिव्यांची चिता. काकू म्हणाल्या, "एका बाईसाठी एवढी लाकडं? मूठभर मिरच्यांत काम झालं असतं." पुढे मेणाचे न्यायाधीश. "दृष्ट खरी यांची काढायला हवी. तीही चपलेनं." पुढचा एक अरब हबीबी मागे वळून बघायला लागला.

पुढची पाटी मी मराठीत वाचून दाखवली. "हातपाय बांधून पाण्यात टाकायचे. तरंगली तर चेटकीण, बुडली तर निर्दोष."

"म्हणजे निर्दोष ठरायचं तर मरायचं?"

"हो."

"आमच्याकडं त्या साली विहिरी आटल्या होत्या," काकू म्हणाल्या, "म्हणून निभावलं."

मी हसलो. काकू हसल्या नाहीत.

त्यापुढची पाटी एका निपुत्रिक बाईची होती. ती शेजारणीच्या पाळण्यात डोकावली, बाळाला ताप आला, बाईवर खटला.

"फक्त बघितलं?"

"फक्त बघितलं."

काकू बाकावर बसल्या आणि भाजीची कृती सांगावी तशा सांगू लागल्या. "जावेच्या मुलाच्या बारशाला मी त्याला घेतलं होतं. रात्री तापला. वाचला तसा, आता पुण्यात आहे, पोट सुटलंय मेल्याचं. पण सासूबाई म्हणाल्या, वांझेची नजर. त्यानंतर घरात कुठलंही बारसं असलं की मी स्वयंपाकघरात. मग म्हटलं, दृष्ट काढायला तरी शिकावं. लावणारी मी, काढायला दुसरीला कशाला त्रास?"

अंधश्रद्धेवर घरून तयार करून आणलेलं भाषण मी मनातच खोडून टाकलं. त्या सासूला उचलून आणून इथे न्यायाधीशांच्या रांगेत बसवावं, इतका संताप आला. आणि काकूंसाठी फार वाईट वाटलं.

मनालीनं बाबागाडीतून इराला काढलं आणि सरळ काकूंच्या मांडीवर ठेवलं. "सोमवारपासून मी ऑफिसला जातेय, काकू. ही तुमच्याकडे."

काकूंनी इराला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"अगं घे हिला, घे लवकर. किती वेळ डोळे मिटून बसू?"

"उघडा ना मग."

"नको गं. लहान आहे ती."

"काकू, ती मघापासून तुमच्याकडेच बघतेय."

काकूंनी आधी एक डोळा उघडला. मग दुसरा.